भिलाईचे सिव्हिक सेंटर आणि रुळांपलीकडचा बाजार

शहराच्या भर वस्तीत लोकांनी काही काम नसतानाही यावे, घटकाभर बसावे, बोलावे आणि घरी परतावे, अशी जागा मुद्दाम निर्माण करणे हे शासनाचे काम आहे, ही कल्पना आपल्या प्रशासनात फार उशिरा आली. गावाला पार होता, चावडी होती, देवळापुढचे पटांगण होते. या जागा कोणत्याही खात्याने आखलेल्या नव्हत्या, आणि त्या सर्व जातींना सारख्या खुल्या होत्या असेही नाही. इंग्रजी अमदानीत शहरे वाढली तेव्हा सरकारने बागा केल्या, मैदाने राखली. पण ऐन बाजारपेठेत जागा रिकामी सोडावी, हा विचार जुन्या नगररचनेच्या कागदांत क्वचितच आढळतो. बाजारात जमीन महाग असते. तिथे मोकळी जागा ठेवणे म्हणजे हातचे उत्पन्न सोडणे, हा हिशेब नगरपालिकेच्या कोणत्याही कारकुनाला चटकन पटतो.

स्वातंत्र्यानंतर मात्र आपण काही शहरे कोऱ्या कागदावर काढली. चंदीगडचे नाव त्यात सर्वांच्या ओठांवर असते. त्याच दशकात उभ्या राहिलेल्या भिलाईकडे नगररचनेचा नमुना म्हणून फारसे कोणी पाहत नाही; भिलाई म्हटले की पोलाद आणि रेल्वेचे रूळ एवढेच आठवते. वास्तविक ‘सार्वजनिक जागा कशाने जिवंत राहते’ या प्रश्नाचा अभ्यास करायचा असेल तर भिलाईइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. तिथे एकाच गावात, एका रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंना, दोन अगदी निरनिराळी उत्तरे शेजारी शेजारी उभी आहेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला हा मुलूख तसा परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे ब्रिटिशांच्या मध्य प्रांतातही राजधानी नागपूरच राहिली. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातूनच चालत होता. हा कारखाना आपल्या राज्यात, त्यातही छत्तीसगडात यावा म्हणून त्या वेळचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी दिल्लीत आपले वजन खर्च केले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि दुर्गची फाइल नागपूरच्या कपाटातून निघाली. पण विदर्भातून कामासाठी येणारी माणसे येतच राहिली. नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही हावडा-मुंबई मार्गावरची ओळीने येणारी स्थानके आहेत. नोकरीच्या शोधात निघालेल्या माणसाला त्या काळी राज्याची सीमा जाणवतही नसे.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सुरुवातीची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. कारखान्याबरोबर वसाहत वाढत गेली. लोहमार्गाच्या दक्षिणेला सेक्टर १ पासून १० पर्यंतची घरे, प्रत्येक भागाला शाळा, छोटा बाजार, मैदान आणि रुंद, झाडांनी झाकलेले रस्ते अशी ही रचना आहे. घरापासून शाळेपर्यंत मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हे तत्त्व अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली मांडले होते; नव्या औद्योगिक नगरांच्या आराखड्यांवर जगभर त्याची छाप पडली आणि भिलाईही त्या परंपरेतली आहे. रोजची गरज सेक्टरच्या बाजारात भागायची. संध्याकाळी बाहेर पडायचे, सणाची खरेदी करायची, नाटक किंवा चित्रप्रदर्शन पाहायचे, तर त्यासाठी वसाहतीच्या मध्यभागी सिव्हिक सेंटर.

सिव्हिक सेंटरमध्ये वास्तुशास्त्राचा काही चमत्कार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. दुकानांच्या बसक्या ओळी, त्यांच्यापुढचे व्हरांडे, मधली मोकळी पटांगणे, झाडे, नेहरू आर्ट गॅलरी, महात्मा गांधी कला मंदिर. छायाचित्र काढून कोणाला पाठवावे असे त्यात फारसे काही नाही. पण संध्याकाळी सातच्या सुमारास तिथे जाऊन बसावे. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर निवृत्त फोरमन बसलेले असतात, मुले सायकली फिरवतात, कॉलेजच्या मुली गुपचूप खात उभ्या असतात. (गुपचूप म्हणजे आपली पाणीपुरी, छत्तीसगड आणि ओडिशात तिला हे गोड नाव आहे.) कोणालाही ‘काय हवे?’ असे कोणी विचारत नाही. आपल्या देशात भर बाजारात बायका आणि मुली काहीही विकत न घेता तासभर निर्धास्त बसू शकतात अशी ठिकाणे किती आहेत, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

हे कसे साधले? माझ्या मते पहिले कारण अर्थशास्त्रीय आहे. वसाहतीची जमीन कारखान्यासाठी एकदमच संपादित झाली होती. ती एका मालकाची होती आणि तिचे तुकडे करून विकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे सिव्हिक सेंटरच्या मधोमध एक एकर मोकळा ठेवला काय किंवा तिथे दुकाने बांधली काय, कारखान्याच्या ताळेबंदात नगण्य फरक पडत होता. अर्थशास्त्राच्या भाषेत, मोकळ्या जागेचा संधी खर्च जवळजवळ शून्य होता. ती झाडण्याचा, तिथे दिवे लावण्याचा आणि झाडांना पाणी घालण्याचा खर्च पोलादाच्या किमतीत मुरून जात होता. भिलाईचा मोकळा चौक एका अर्थाने देशातल्या प्रत्येक रूळ वापरणाऱ्याने पोसला आहे.

दुसरे कारण सामाजिक आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. भिलाईला तिथले लोक ‘लघुभारत’ म्हणतात. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, उडिया, बिहारी, मराठी आणि अर्थात छत्तीसगढी, सगळे एकाच कारखान्यात आणि बहुधा एकाच गल्लीत. प्रत्येक समाजाने आपापले दैवत सेक्टरांत बसवले. सेक्टर ६ मध्ये कालीबाडी आणि जामा मशीद, सेक्टर २ मध्ये अय्यप्पा, सेक्टर ४ मध्ये जगन्नाथ, सेक्टर ९ मध्ये हनुमान. गणेशोत्सव आणि दुर्गापूजा तर जागोजागी. म्हणजे आपल्या माणसांत जायला प्रत्येकाला जागा होती. परक्या माणसांत जायला मात्र एकच जागा होती, आणि ती कोणाचीच नव्हती. सिव्हिक सेंटरमध्ये कोणत्याही भाषेचा यजमान नाही. तिथे सगळेच पाहुणे.

इथे न्यूयॉर्कचे एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो, कारण ते मोठे उद्बोधक आहे. त्या शहराने १९६१ साली नियम केला की जो बांधकाम व्यावसायिक इमारतीपुढे जनतेसाठी एक चौरस फूट चौक मोकळा सोडेल त्याला दहा चौरस फूट जादा बांधकाम मिळेल. व्यावसायिकांनी भराभर चौक सोडले. दहा वर्षांनी पाहिले तर त्यांतले बरेचसे ओसाड होते. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने ठरावीक अंतराने चित्रे टिपणारे कॅमेरे लावून माणसे कुठे थांबतात याची दिवसच्या दिवस नोंद केली. निष्कर्ष इतका साधा निघाला की हसू यावे. जिथे बसायला जागा आहे तिथे माणसे बसतात. चौकाचा आकार, शिल्प, कारंजे हे सगळे त्यानंतर. जवळ खाण्याची गाडी असेल, सावली असेल, आणि चौक रस्त्यापासून फार वर किंवा फार खोल नसेल, तर माणसे हमखास येतात. १९७५ साली शहराने नियम बदलला आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची केली. व्हाइट यांचे पुस्तक १९८० मध्ये निघाले.

मराठी माणसाला हे कळायला न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती. मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली खुल्या केलेल्या शिवाजी पार्कभोवतीची ठेंगणी भिंत, म्हणजे तो प्रसिद्ध कट्टा, हे याच शास्त्राचे प्रात्यक्षिक आहे. मैदान खेळाडूंचे आणि सभांचे. कट्टा बाकी सगळ्यांचा. एक किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीची ही बैठक. ती कंबरभर उंच केली असती किंवा तिच्यावर लोखंडी कुंपण बसवले असते, तर दादरच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग घडलाच नसता. आपल्याकडच्या सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात कुंपण, प्रवेशद्वार, नामफलक आणि कारंजे या बाबी न चुकता असतात. कट्टा ही बाब मी तरी अजून पाहिलेली नाही.

आता रुळांच्या उत्तरेला जाऊ.

हावडा-मुंबई लोहमार्ग भिलाईचे सरळ दोन भाग करतो. दक्षिणेला कारखाना आणि सेक्टर. उत्तरेला जी. ई. रोड म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड, आणि त्याच्या कडेने सुपेला, पॉवर हाउस, कँप-१, कँप-२, खुर्सीपार. ‘कँप’ हे नावच बोलके आहे. कारखाना बांधायला आलेल्या मजुरांच्या या छावण्या. बांधकाम संपले तरी वस्ती उठली नाही आणि नावही बदलले नाही. सेक्टरांत घर मिळण्याची अट कारखान्याची कायम नोकरी. ठेकेदाराकडचा मजूर, खाजगी कारखान्यातला कामगार, दुकानदार, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई ही सगळी मंडळी कारखान्याच्या आधाराने जगत होती, पण कारखान्याच्या नकाशात नव्हती. त्यांनी उत्तरेला आपले शहर बांधले. तिथे जमिनीच्या प्रत्येक फुटाला किंमत होती, म्हणून कोणी फूटभरही मोकळा सोडला नाही.

आणि तरीही खरी गर्दी तिथेच आहे. सुपेल्याचा रविवारचा बाजार पाहावा. कपडे, भांडी, भाजी, जुनी हत्यारे, चपला. सेक्टरातले लोकसुद्धा रूळ ओलांडून तिथे जातात, कारण भाव पडतात. व्हाइट यांच्या सगळ्या कसोट्यांवर हा बाजार उतरतो, एक सोडून. बसायला जागा नाही. पाणी नाही, सावली नाही, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह शोधावे लागते. माणूस खरेदी करतो आणि निघतो. दक्षिणेला जागा आहे आणि तिला पुरून उरेल इतकी निवांतता आहे. उत्तरेला माणसे आहेत आणि त्यांना टेकायला दगड नाही.

या दोन्ही बाजूंमध्ये आपापसात येणे-जाणे भरपूर आहे. कामवाली रोज सकाळी दक्षिणेला येते, साहेबांची पत्नी रविवारी उत्तरेला जाते. पण दोघी एकाच बाकावर बसतील असा प्रसंग येत नाही.

सार्वजनिक जागेचा प्रश्न किती जिवावर बेतू शकतो, याची एक तारीख भिलाईच्या इतिहासात आहे. १९९० नंतर शंकर गुहा नियोगी यांनी भिलाईच्या खाजगी उद्योगांतल्या आणि ठेक्यावरच्या कामगारांची संघटना बांधायला घेतली. नोकरीत कायम करणे आणि जगण्यापुरते वेतन या मूळ मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच त्यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली. कामगारांचे आंदोलन चालूच राहिले. १ जुलै १९९२ रोजी हजारो कामगार, त्यांत बायका-मुलेही, भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मारले गेले. एका पोलीस अधिकाऱ्यालाही जीव गमवावा लागला.

हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय आहे, नगररचनेचा नाही, असे माझे काही सहकारी म्हणतील. मला ते पटत नाही. रूळ अडवणे हे दबावाचे साधन होते हे खरेच. पण ज्या शहरात हजारो असंघटित कामगारांना हक्काने जमता येईल असा एकही चौक त्यांच्या बाजूला नाही, त्या शहरात रूळ हीच त्यांना सर्वांत रुंद, सर्वांत मोकळी आणि सर्वांना दिसणारी जागा वाटली, याचे नवल का वाटावे? दोन्ही भिलाईंची नजर एकाच वेळी जिथे पडते अशी ती एकच जागा होती. दर वर्षी १ जुलैला कामगार अजूनही पॉवर हाउस स्थानकावर श्रद्धांजलीसाठी जमतात.

प्रशासकीय बाजूने पाहिले तर या दुभंगाला कायद्याची कलमेही पाठबळ देतात. ७४व्या घटनादुरुस्तीत एक परंतुक आहे. एखादा उद्योग स्वतः नागरी सेवा पुरवत असेल तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात आणि मग तिथे नगरपालिका स्थापण्याची सक्ती राहत नाही. भिलाईत तसे झाले नाही. १९९८ साली महानगरपालिका आली आणि सेक्टरही तिच्या हद्दीत गेले. सेक्टरवासी नगरसेवक निवडू लागले. पण जमीन, रस्ते, पाणी, दिवे आणि दुकानांचे परवाने कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडेच राहिले. म्हणजे सिव्हिक सेंटरमधल्या दिव्याबद्दल तक्रार ज्या नगरसेवकाकडे जाते, त्याच्या हातात तो दिवा नाही.

फेरीवाल्याचे उदाहरण घ्या. २०१४ च्या केंद्रीय पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समिती, सर्वेक्षण आणि विक्रीक्षेत्र या गोष्टी आल्या. रुळांच्या उत्तरेला महानगरपालिकेने तो कायदा राबवायचा. दक्षिणेला जमीन सार्वजनिक उपक्रमाची, त्यामुळे तिथे हाताशी असतो १९७१ चा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत कब्जा हटवण्याचा कायदा. एक कायदा गाडीवाल्याला उपजीविकेचा हक्कदार मानतो, दुसरा त्याच माणसाला अनधिकृत कब्जेदार. गाडी एकच, चाके तीच, गुपचूपही तेच. मी दोन्ही कायद्यांच्या बाजूने टिपणे लिहिलेली पाहिली आहेत आणि दोन्ही टिपणे आपापल्या जागी निर्दोष होती.

आणि हा प्रश्न आता पूर्वीसारखा लांबणीवर टाकता येणार नाही, कारण ज्या मालकाच्या औदार्यावर सिव्हिक सेंटर उभे राहिले त्याचे कुटुंब आकसते आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्याच्या पटावर, खाणी धरून, साठ हजारांहून अधिक माणसे होती. आज तो आकडा त्याच्या एका छोट्या हिश्श्यावर आला आहे, तर उत्पादनक्षमता मात्र कितीतरी वाढली आहे. ठेक्यावरचे कामगार वाढले. ते सेक्टरात राहत नाहीत. निवृत्त झालेल्या अनेकांनी घरे सोडून रिसाली, नेहरू नगर, स्मृती नगर अशा भागांत बस्तान बसवले. काहींना स्टील अ‍ॅथॉरिटीच्या योजनेतून तीच घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली. एका पोलाद कंपनीने बाग, चौक आणि कलादालन किती काळ सांभाळावे, असा प्रश्न दिल्लीतला कोणताही वित्त सल्लागार विचारणार, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर तो चुकीचा नाही. पण त्याच्या तक्त्यात एक रकाना नसतो. सिव्हिक सेंटरचा लाभ आज घेणाऱ्यांत कंपनीचे कर्मचारी किती आणि इतर भिलाईकर किती? लाभ शहराचा असेल तर खर्चातही शहराचा वाटा हवा, आणि वाटा दिला की शहराला त्या जागेबद्दल बोलण्याचा अधिकारही द्यावा लागेल. गाड्या कुठे लावायच्या, किती वाजेपर्यंत, सभा कोणाला आणि कोणत्या शर्तीवर, हे कारखाना, महानगरपालिका आणि विक्रेते यांनी एकत्र बसून ठरवता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक करारनामा पुरतो.

उत्तरेच्या बाजूला मला अलीकडे एक संधी दिसते. जी. ई. रोडवर सुपेला आणि पॉवर हाउस इथे उड्डाणपूल झाले आहेत. वरून ट्रक जातात, खाली मध्य भारतातल्या उन्हात सर्वांत दुर्मीळ अशी गोष्ट तयार झाली आहे: दिवसभराची सावली, तीही बाजाराला लागून. तिथे फार काही बांधू नये. गुडघ्याइतक्या उंचीचे कट्टे, पिण्याचे पाणी, दोन स्वच्छतागृहे, रात्री उजेड, आणि गाड्यांसाठी आखलेले पट्टे. कारंजे नको, आणि कृपा करून कुंपण नको. खर्च एका शोभिवंत प्रवेशद्वाराएवढाही येणार नाही. अडचण वेगळीच आहे. पूल केंद्राच्या महामार्गाचा, रस्त्याची कड महानगरपालिकेची, पलीकडची पट्टी रेल्वेची. तिघांच्या सह्या मिळेपर्यंत ती सावली वाहनतळाच्या ठेक्यात गेलेली असेल, अशी मला भीती आहे. आपल्याकडे मोकळ्या सावलीचा लिलाव सर्वांत आधी होतो. जिल्हाधिकाऱ्यांनी त्याआधी एक संयुक्त पाहणी लावावी, आणि ती कचेरीच्या वेळेत न ठेवता रविवारी संध्याकाळी, सुपेल्याचा बाजार भरलेला असताना ठेवावी.